राग आला म्हणजे साधना फुकट गेली का?

सकाळी वीस मिनिटं ध्यान छान लागतं. नामस्मरण असो, प्रार्थना असो किंवा नुसतं डोळे मिटून बसणं असो, उठताना मन हलकं झालेलं असतं. तासाभरात कोणीतरी एक वाकडा शब्द बोलतं, आपला आवाज चढतो आणि सगळं मुसळ केरात. नियमित साधना करणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव ओळखीचा असतो. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र चुकीचा असतो: अजून राग येतो, म्हणजे आपण जिथल्या तिथेच आहोत. मग पुढच्या वेळी राग आला की तो आलाच नाही असं भासवणं सुरू होतं. चेहरा शांत, आणि आत दातांवर दात.

भावना येणं हा साधनेतला अडथळा नाही. साधनेचं निम्मं काम भावनांसोबतच करायचं असतं, असं आमचं ठाम मत आहे. प्रगती मोजायचीच असेल तर राग आला की नाही, हे मोजू नये. तो आल्याचं किती लवकर लक्षात आलं, त्या भरात आपण काय बोललो आणि पुन्हा थाऱ्यावर यायला किती वेळ लागला, हे पाहावं.

आध्यात्मिक वाढ हा शब्द भारदस्त वाटतो, म्हणून त्याचा इथला अर्थ आधीच सांगतो. आपल्या आत काय चाललंय ते चालू असतानाच दिसणं, 'मी आणि माझं' यापलीकडच्या कशाशी तरी जोडलेलं असणं, आणि मनःस्थिती बरी नसतानाही आपल्या मूल्यांना धरून वागता येणं. देव मानणाऱ्यालाही हे लागू आहे आणि न मानणाऱ्यालाही. भावनिक स्वास्थ्य म्हणजे सदा आनंदी असणं, हा समजही सोडून द्यावा. जवळचं माणूस गेल्यावर रडू येणं आणि धोका दिसल्यावर भीती वाटणं हे मन ठीक असल्याचंच लक्षण आहे. भावना येते तशी ओसरत नाही, मुक्काम ठोकते, किंवा आपल्याकडून कोणाला तरी इजा करवते, तेव्हा तिच्याकडे खास लक्ष द्यावं लागतं.

दाबलं तर काय होतं, आणि ओकून टाकलं तर?

मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं की पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिली. नंतर त्याच लोकांना अस्वलाचा विचार करायची मुभा दिली, तेव्हा ज्यांना सुरुवातीपासून मुभा होती त्यांच्यापेक्षा यांच्या मनात तो जास्त वेळा आला. कारण उघड आहे. एखादा विचार येऊ द्यायचा नसेल तर तो आलाय का, यावर मनाला पहारा ठेवावा लागतो, आणि पहारा ठेवायचा तर तोच विचार सतत ध्यानात ठेवावा लागतो. 'मला मत्सर वाटताच कामा नये' असं घोकणाऱ्याच्या मनात मत्सर दिवसभर जागा राहतो तो यामुळेच.

याच्या उलट टोकाचा सल्लाही तितकाच प्रचलित आहे: राग बाहेर काढा, उशी बडवा, मोकळे व्हा. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधल्या अभ्यासात मुद्दाम चिडवलेल्या काही जणांनी, ज्याचा राग आला त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारले. काहीच न करता बसून राहिलेल्यांपेक्षा ते जास्त चिडलेले निघाले. रागाच्या कारणाचा विचार करत शरीराला अधिक पेटवलं की राग वाढतोच.

राहतो तो मधला मार्ग. भावना आहे हे मान्य करायचं, ती शरीरात जाणवू द्यायची, आणि ती सांगेल ते लगेच करायचं नाही. हे ऐन वेळी आपोआप जमत नाही. त्यासाठी शांत वेळी रोज थोडा सराव लागतो.

दहा मिनिटांची बैठक

नवशिक्याने दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. खुर्चीवर किंवा जमिनीवर, कुठेही बसलं तरी चालेल. जमिनीवर बसताना खाली घडी घातलेली चादर घ्यावी, म्हणजे नितंब गुडघ्यांपेक्षा चार बोटं वर राहतात आणि पाठ न ताणता सरळ राहते. खुर्चीवर पूर्ण तळपाय जमिनीला टेकलेले हवेत. डोळे मिटून अस्वस्थ वाटत असेल तर नजर तीन-चार फुटांवर जमिनीवर सैल सोडावी. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावून तो पालथा ठेवावा, कारण 'किती वेळ झाला' हे पाहण्याची हुक्की पाचव्या मिनिटाला हमखास येते.

पहिली दोन मिनिटं मनातल्या मनात चार आकडे मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा आकडे मोजत बाहेर सोडावा. आकडा साधारण एका सेकंदाचा. असे मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना किंचित मंदावते. ही मंदावण्याची क्रिया मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत होते. उच्छ्वास लांबवला की तिला जास्त वेळ मिळतो. गरगरायला लागलं, बोटांना मुंग्या आल्या, तर आपण श्वास फार खोल ओढतोय असं समजावं. लांबी तीच ठेवून हवा कमी घ्यावी, किंवा मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास चालू द्यावा.

दोन मिनिटांनंतर श्वासाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावं. नाकपुड्यांशी होणारा स्पर्श किंवा पोटाची हालचाल, यांपैकी एकच जागा निवडावी आणि निदान महिनाभर ती बदलू नये. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा: एकपासून दहापर्यंत, मग पुन्हा एक. जप करणाऱ्यांनी आकड्याच्या जागी नाम घ्यावं, पण एका उच्छ्वासाला एकदाच. वेग वाढला की ओठ जप करतात आणि मन भलतीकडे असतं.

आता तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला काय घडतं ते जवळून पाहू. चार... पाच... आणि मध्येच काल उत्तर न दिलेला एक मेसेज आठवतो. काय लिहायचं याची जुळवाजुळव सुरू होते. समोरचा काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणू, अशी तीन-चार वाक्यं मनात तयारही होतात. आणि अचानक भान येतं: अरे, आपण मोजत होतो. त्या क्षणी बहुतेक जण स्वतःवर चरफडतात आणि इथेच गल्लत होते. भान येणं हाच या सरावाचा गाभा आहे. मनाने 'योजना' किंवा 'काळजी' असं एका शब्दात नोंदवावं, आवळलेले खांदे सैल सोडावेत आणि एकपासून पुन्हा सुरू करावं. दहा मिनिटांत असं तीस वेळा झालं तर तीस वेळा सराव झाला. संध्याकाळी वाकडा शब्द कानावर पडेल तेव्हा हेच लागणार आहे: वाहत निघालोय, हे वाहत असतानाच कळणं.

बैठक बिघडण्याची कारणं ठरलेली असतात. रोज पेंग येत असेल तर बहुधा झोप अपुरी आहे. तिची भरपाई ध्यानाने होत नाही. काल छान अनुभव आला म्हणून आज तोच शोधत बसलं की आजची बैठक वाया जाते. 'मन निर्विचार झालं पाहिजे' ही अपेक्षा सगळ्यात जास्त लोकांना पहिल्या पंधरा दिवसांत बाहेर काढते. काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की गुदमरल्यासारखं वाटतं, विशेषतः घाबरण्याचे झटके येणाऱ्यांना. त्यांनी श्वासाऐवजी तळपायांचा जमिनीशी होणारा स्पर्श किंवा आजूबाजूचे आवाज धरावेत.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला सजगतेचा प्रसिद्ध कार्यक्रम आठ आठवड्यांचा आहे आणि त्यात घरी रोज सुमारे पाऊण तास सराव असतो. मात्र त्याला शिक्षक असतो, गट असतो. एकट्याने पहिल्याच आठवड्यात पाऊण तासाचा संकल्प करणं म्हणजे दुसऱ्या आठवड्यात तो मोडण्याची तयारी.

भावनेला नेमकं नाव

मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं की रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्याचं चित्र पाहताना त्या भावनेचं नाव शब्दांत ओळखलं, तर मेंदूतल्या अमिग्डला या धोक्याची दखल घेणाऱ्या भागाची प्रतिक्रिया कमी होते. रोजच्या वापरासाठी यातून चार प्रश्न पुरतात. शरीरात कुठे जाणवतंय? नाव काय? दहापैकी किती? आणि ती आपल्याला काय करायला लावू पाहतेय?

नावाच्या बाबतीत आळस करू नये. 'राग आला' म्हणताना तो वैताग असतो, अपमान असतो, हेवा असतो, कधी निव्वळ थकवा असतो. 'वाईट वाटतंय' यात खंत, हिरमोड, पोरकेपणा, रुखरुख असं काहीही दडलेलं असू शकतं. भीतीच्या घरात धास्ती वेगळी, दडपण वेगळं आणि हुरहुर वेगळी. हा भेद कामाचा आहे, कारण उपाय त्यावर ठरतो. वैतागाला विश्रांती लागते, अपमानाला कोणाशी तरी स्पष्ट बोलावं लागतं, रुखरुख असेल तर काहीतरी दुरुस्त करायचं राहिलेलं असतं. वाक्यही तपासावं. 'मी रागीट आहे' असं म्हटलं की तो स्वभाव ठरतो. 'आत्ता राग आलाय' असं म्हटलं की तो जाणार हेही त्यातच येतं.

तीव्रता दहापैकी आठच्या वर असेल तर मात्र नाव शोधत बसू नये. तेव्हा विचार करणारं डोकं ताळ्यावर नसतं. तिथून उठावं, तोंडावर गार पाणी मारावं, चालावं, लांब उच्छ्वास सोडावेत, आणि किमान वीस मिनिटं त्या विषयावर बोलू नये. जाताना समोरच्याला 'मी अर्ध्या तासात येतो, तेव्हा बोलू' एवढं सांगावं आणि खरंच यावं. न सांगता निघून जाणं समोरच्याला शिक्षेसारखं लागतं आणि भांडण वाढतं. शिवाय बाहेर जाऊन मनातल्या मनात तेच भांडण पुढे चालू ठेवलं, तर वीस मिनिटांनी आपण अधिक तापून परत येतो.

झोपण्याआधीची उजळणी

दिवस संपताना स्वतःच्या वागण्याची झडती घेणं ही फार जुनी साधना आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका पहिल्या शतकात ती करत असे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी तिला पाच पायऱ्यांची घडी दिली: कृतज्ञता, स्पष्ट दिसावं म्हणून प्रार्थना, दिवसाचा आढावा, चुकांबद्दल क्षमायाचना आणि उद्याचा संकल्प. धर्म कोणताही असो किंवा नसो, ही घडी वापरता येते. आठ-दहा मिनिटं आणि एक वही पुरते.

आढाव्यात दिवसातला एकच प्रसंग घ्यावा, तोही नेमका. 'आज चिडचिड झाली' या नोंदीचा काही उपयोग नाही. उपयोगी नोंद साधारण अशी असते: 'दुपारी साडेचार. भावाचा फोन. "तुला काय कळतं त्यातलं" म्हणाला. कान गरम झाले, घसा आवळला. अपमान, सात. फोन आपटला. अर्ध्या तासाने भानावर आलो. त्याला म्हणता आलं असतं: हे मला लागलं, रात्री बोलू.' शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढच्या वेळी तोंडाशी काय यायला हवं, त्याची ती तालीम आहे.

उजळणी बिघडते ती दोन ठिकाणी. एक, ती स्वतःवरचा खटला होते. न्यायाधीश आपण, आरोपीही आपणच, आणि निकाल रोज एकच. नोंदीत 'नेहमी', 'कधीच', 'मी असाच' हे शब्द दिसले की थांबावं आणि हीच गोष्ट जिवलग मित्राने सांगितली असती तर त्याला काय म्हटलं असतं, ते लिहावं. दुसरं, ती लांबत जाते आणि झोप उडवते. दहा मिनिटं झाली की वही बंद.

एखादी जुनी जखम रोजच्या उजळणीत मावत नसेल तर तिच्यासाठी वेगळं लिहावं. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहिलं. ज्यांनी त्रासदायक घटना आणि त्याबद्दलच्या भावना असं दोन्ही लिहिलं, त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. मात्र लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. हे आधी माहीत असावं, नाहीतर पहिल्याच दिवशी माणूस वही फेकतो. नंतरच्या अनेक अभ्यासांत फायदा दिसला तरी तो सरासरीने लहानच आहे, म्हणून यातून चमत्काराची अपेक्षा करू नये. घटना ताजी असेल, लिहिता लिहिता श्वास कोंडत असेल, तर लिहिणं सोडून द्यावं.

अध्यात्माची पळवाट

मानसोपचारतज्ज्ञ जॉन वेलवुड यांनी १९८० च्या दशकात एका धोक्याला नाव दिलं: न मिटलेल्या भावनिक प्रश्नांना सामोरं जाण्याऐवजी आध्यात्मिक कल्पनांच्या आडून निघून जाणं. ही पळवाट ओळखणं अवघड जातं, कारण बोलणं ऐकायला चांगलं असतं. 'सगळं त्याच्या इच्छेने होतं' असं म्हणत उपचार लांबवणं. 'मी त्याला माफ केलंय' म्हणणं आणि त्याचं नाव निघताच पोटात गोळा येणं. 'सगळी माया आहे' म्हणत घरच्यांच्या तक्रारी उडवून लावणं. अन्याय सहन करत राहणं आणि त्याला क्षमा म्हणणं.

या शेवटच्या मुद्द्यावर आम्हाला जास्त बोलावंसं वाटतं, कारण यात माणसं वर्षानुवर्षं भरडली जातात. क्षमा म्हणजे मनातलं वैर सोडणं. झालेलं योग्य होतं असं म्हणणं, त्या माणसाच्या पुन्हा हाताखाली जाणं किंवा नुकसानभरपाई न मागणं यांपैकी काहीही तिच्यात बंधनकारक नाही. इजा अजून चालू असेल तर आधी स्वतःला सुरक्षित करायचं. क्षमेचा विचार त्यानंतरचा आणि तोही घाई न करता. जो कोणी गुरू, नातेवाईक किंवा गट 'अजून माफ करता येत नाही म्हणजे तुझी साधना कमी पडते' असं म्हणत असेल, त्याचं ऐकू नये.

दुसऱ्यांशी वागताना भावनांचं काय करायचं, यावर पतंजलींच्या योगसूत्रांतलं पहिल्या पादातलं तेहतिसावं सूत्र आजही अत्यंत व्यवहार्य आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद, वाईट वागणाऱ्याची उपेक्षा. रोजच्या वापरात ते असं बसतं: सहकाऱ्याला बढती मिळाली आणि हेवा टोचला, तर हेवा मनात ओळखावा आणि त्याचं अभिनंदन स्वतः जाऊन करावं. भावना नंतर मागून आली तरी चालते. उपेक्षेचा अर्थ डोळेझाक नव्हे. जिथे आपल्या बोलण्याने काही बदलणार नाही, तिथे मनाला गुंतवून न ठेवणं इतकाच तो आहे.

कृतज्ञतेबद्दल थोडक्यात. रॉबर्ट इमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांच्या २००३ च्या अभ्यासातल्या एका प्रयोगात लोकांनी दहा आठवडे आठवड्यातून एकदाच, कृतज्ञता वाटणाऱ्या पाच गोष्टी लिहिल्या आणि तेवढ्यानेही फरक दिसला. रोज 'कुटुंब, आरोग्य, नोकरी' असं यंत्रासारखं लिहिण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, पण कोणी नेमकं काय केलं ते लिहिणं बरं. शोकात असलेल्या माणसाला मात्र कृतज्ञतेची वही हातात देऊ नये.

टिकवायचं कसं

पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून आलेली युक्ती सोपी आहे: 'जमेल तेव्हा' असं न ठरवता 'अमुक झालं की तमुक' असं ठरवणं. 'दात घासून झाले की खुर्चीवर बसेन.' 'दिवा मालवण्याआधी वही उघडेन.' सवय एकवीस दिवसांत लागते हे सर्रास सांगितलं जातं, पण फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात (२०१०) सवय अंगवळणी पडायला मध्यम मानाने ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून अंदाजे २५४ पर्यंत बदलला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नये. नेहमीचीच दहा मिनिटं करावीत. फार घाई असेल त्या दिवशी तीन लांब उच्छ्वास आणि एका भावनेचं नाव एवढंही चालेल, पण ठरल्या जागी आणि ठरल्या वेळी.

एकदम सगळं सुरू करू नये. पहिले तीन-चार आठवडे बैठक, ती बसली की उजळणी, आणि भावनांना नाव देणं दिवसभरात जमेल तसं. महिन्यातून एकदा वही चाळून भानावर यायला लागलेला वेळ पाहावा. अर्ध्या तासाचे दहा मिनिटं झाले असतील तर राग तितकाच येत असला तरी सराव चालू लागला आहे. घरच्यांना विचारणं त्याहून उत्तम. त्यांना फरक आपल्या आधी दिसतो.

इथे स्वतःच्या सरावावर विसंबू नये

दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहणं किंवा कशातच रस न वाटणं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त जवळजवळ रोज चालणं. सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणं. ही नैराश्याची लक्षणं असू शकतात आणि त्यासाठी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवेत. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणाला तरी सांगावं आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी. ध्यानात बसल्यावर जुना आघात डोळ्यांसमोर पुन्हा घडू लागला, आपण आपल्या शरीराबाहेर आहोत असं वाटू लागलं, झोप अगदी कमी होऊनही अंगात अफाट उत्साह संचारला किंवा नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर ही प्रगतीची खूण समजू नये. सराव थांबवावा, डोळे उघडे ठेवून चालण्याफिरण्यासारखी कामं करावीत आणि तज्ज्ञांना भेटावं. दीर्घ मौनशिबिरांत अशा गोष्टी घडल्याच्या नोंदी आहेत, म्हणून आधी मानसिक आजार झालेल्यांनी शिबिराला नाव देण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावं आणि आयोजकांनाही कल्पना द्यावी. चालू असलेली औषधं 'आता ध्यान जमतंय' म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. ती कमी करायची असतील तर किती आणि किती आठवड्यांत, हे डॉक्टर ठरवतात. त्यांना भेटायला जाताना उजळणीची वही सोबत न्यावी. झोप, तीव्रतेचे आकडे आणि तारखा तिच्यात आधीच लिहिलेल्या असतात.